रिकाम्या वेशींचे राज्य

एका राज्यात राजे आले, राजे गेले, पण एक रीत कुणी मोडली नाही. दरसाल नवे गाव वसवायचे, त्याची वेस बांधायची, वेशीवर पहारा बसवायचा. कालजंघ मायावीने राजघराण्याच्या मूळपुरुषाला सोन्याचे भांडार देताना अटच घातली होती, की ज्या साली वेस उठणार नाही, त्या साली राजा पायांपासून दगड होऊ लागेल. घरोघर पाळणे हलत होते, तोवर अटीची कुणाला भीती वाटली नाही.

पुढे पाळणे आणि तिरड्या बरोबरीला आल्या. माणसे वाढेनात. तरी वेशी उठतच राहिल्या. धडधाकट गडी ओसाड गावांवर भाले घेऊन जांभया देत, आणि इकडे शेते पडीक! अखेर एका साली वेस बांधायला गवंडीच उरला नाही. राजा भद्रसेन कमरेपर्यंत दगड झाला.

राजकन्या शाल्मलीला आई नव्हती. होता तो बाप असा थिजलेला. तिने कालजंघाचा डोंगर गाठला.

"शाप मागे घ्यावा, महाराज."

"नवी जमीन न नांगरता कोठार भर. नवे हात न आणता सुगी उरक. नवी वेस न बांधता राज्य राख. मग बोलू."

परतीच्या वाटेवर आटलेल्या तळ्याकाठी साळुंकी बोलली, "राजकन्ये, नव्याच्या नादात जुन्या तळ्यातला गाळ कुणी उपसला नाही."

शाल्मलीने पहारे उठवले. गड्यांनी तळ्यांतला गाळ काढून जुन्या शेतांत पसरला. पीक असे आले, की कापायला हात पुरेनात. त्या राज्यात साठी उलटली की विळा काढून घेत. म्हातारी भागूआई म्हणाली, "बाळे, माझा विळा दे. बसून बसून अंग आंबलं." सगळ्या म्हाताऱ्यांनी सावलीसावलीने कापणी उरकली. कोठार भरले.

"आता रिकामी वेस पाड," साळुंकी म्हणाली. "वेशीबरोबर अटही मोडेल. मात्र घाव पडताच दगड वर चढेल."

राजाने पालखी वेशीपाशी आणवली. पहिल्या घावाला दगड त्याच्या गळ्याशी आला. शाल्मली मागे सरली.

"पाड, पोरी. या वेशीमागे दिवा लावायला माणूस नाही. हिच्यासाठी मी जगून काय करू?"

डोळे मिटून तिने घाव घातला. वेस कोसळली. राजाच्या अंगावरून दगडाचे पोपडे गळाले. तिकडे भांडाराची माती झाली आणि कालजंघाने सुटकेचा श्वास टाकला. अट राखून राखून तोही थकला होता.

"भूक लागली गं," राजा म्हणाला. शाल्मली रडता रडता हसली आणि बापाला हाताला धरून जेवायला घेऊन गेली.

त्या राज्यात माणसे वाढली नाहीत, पण कुणी उपाशी निजले नाही. त्यांचे निभले, तसे तुमचे-आमचे निभो.