युनिकची नजर

संगणकाला सगळं टाइप करूनच सांगावं लागे, त्या काळी त्यात दोन अवजारं राहत. युनिक दुबार ओळी शोधायचा, सॉर्ट ओळी अक्षरक्रमाने लावायचा. "माझ्या नजरेतून काही सुटत नाही," युनिक ऐटीत म्हणायचा आणि सॉर्टला हमाल म्हणून हिणवायचा.

अभयारण्याच्या फलकासाठी तिथे काम करणाऱ्या हेमांगीताईंनी युनिकला पक्ष्यांच्या नावांची फाइल दिली. "एकही नाव दुबार नाही!" तो म्हणाला. पण धनेश पक्षी यादीत वरही होता आणि तळाशीही.

"मग तुझा उपयोग काय? काढूनच टाकते तुला!" ताई कडाडल्या.

"ताई, त्याला फक्त लगत असलेल्या दुबार ओळी दिसतात," सॉर्ट म्हणाला आणि त्याने सारखी नावं शेजारी आणून ठेवली. युनिकने सगळी दुबार नावं झटक्यात पकडली.

आजही युनिक तितक्याच ऐटीत सांगतो, "माझ्या नजरेतून काही सुटत नाही! फक्त आधी आमच्या सॉर्टदादांना बोलवा."