देवाला शिंक आली

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. आईशप्पथ! म्हणजे, मी तिथे नव्हतो. पण मोगरा होता, आणि मोगरा कशाला खोटं बोलेल?

डोंगराखाली एक इवलंसं घर होतं. त्यात राही आणि तिची आई, दोघीच. आई गजरे करायची. पण आठ दिवस झाले, आई तापाने फणफणली होती. डब्यात तांदूळ नाहीत, चूल गार. आणि आज तर आईने राहीलाच विचारलं, "कोण गं तू?"

राही हादरलीच. रडत रडत शेजारी गेली.

तान्हूकाकू म्हणाल्या, "रडतेस काय? देव पाण्यात ठेव. आई बरी होईपर्यंत काढायचा नाही. मग बघ कसा धावतो!"

राहीकडे एकच देव होता. अंगठ्याएवढा, पितळेचा, रांगणारा बाळकृष्ण. तिने वाटीत पाणी घेतलं, देवाला आत ठेवलं, वाटी परसातल्या मोगऱ्याखाली नेली आणि हात जोडले.

"देवा, माझ्या आईला बरं कर."

तोच एका टपोऱ्या कळीतून चंदेरी धूळ उडाली आणि चिमुकली परी बाहेर आली. पंख आकाशी, झगा गुलाबी, चपलांवर सोनेरी टिकल्या.

"पोचली हं तुझी इच्छा, बाळा," परी म्हणाली. "सूर्य मावळला की आई बरी. फक्त एक नियम. तोवर देवाला पाण्यातून काढायचं नाही. काढलंस तर इच्छा गेली."

"नाही काढणार," राही म्हणाली आणि वाटीशी बसून राहिली.

ऊन उतरलं. आभाळ केशरी झालं. सूर्य अगदी बोटभर उरला. आणि वाटीतून आवाज आला,

"आऽऽक्छी!"

परी धप्पकन खालीच बसली. मोगऱ्याच्या सगळ्या कळ्यांनी आ वासला. म्हणजे, फुलल्या.

बाळकृष्ण कुडकुडत होता. पितळेचे ओठ निळे पडले होते.

"अगं बाई, हा तर गारठलाय!" राही ओरडली.

"हात लावू नकोस!" परी किंचाळली. "एवढासाच वेळ राहिलाय!"

घरातून आईचं कण्हणं ऐकू आलं. राहीचे डोळे भरले. तिने देवाला उचललं, फ्रॉकने पुसलं, नाकसुद्धा पुसलं आणि छातीशी धरलं.

"देवा, इच्छा गेली ना? असू दे. उद्या परत सांगीन. रोज सांगीन. पण तुला भिजवून नाही सांगणार."

"काम व्हायच्या आधी मला बाहेर काढणारी तूच पहिली," बाळकृष्ण म्हणाला. मग परीकडे वळला. "हा नियम कोणी केला गं?"

"अय्या! मला वाटलं, तुम्हीच!"

"मी कशाला करू? मी पाण्यात होतो!"

परी लाजून लाल झाली, मग सोनेरी, मग नुसता लखलखाट. डोळे उघडले तर परी नाही.

आणि दारातून हाक आली, "राही! अगं, दिवेलागण झाली. बाहेर काय करतेस?"

राही! आईने नाव घेतलं! राही धावत जाऊन आईला बिलगली. आईचा ताप पार उतरला होता.

"आणि हा देव ओला कसा?" आईने विचारलं.

दुसऱ्या दिवशी देवाच्या डोक्यावर लाल लोकरीची कानटोपी बघून तान्हूकाकू इतक्या दचकल्या, की अजून उचकी थांबलेली नाही. त्यांच्या घरी आता देवासाठी पाणी कोमट करतात.

झाली गोष्ट. चला, गोष्टीचं मोल काढा. पैसे नकोत. लाल लोकरीचा एक गुंडा द्या. देवाची टोपी झाली, स्वेटर राहिलाय.