अरफ्याचा रोजा आणि राहिलेलं दार

फार पूर्वीची, हजला जायला शिडाच्या गलबताशिवाय दुसरं काही साधन नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ती ऐकावी. मोठ्यांनी ऐकत नसल्याचं सोंग करून ऐकली तरी चालेल.

समुद्राकाठी एक गाव होतं. गावात एक मशीद होती, गोड्या पाण्याची एक विहीर होती, पुष्कळ माड होते आणि माडांहून पुष्कळ गप्पा होत्या. एकंदरीत गाव सुखी होतं. दरवर्षी तिथलं कोणी ना कोणी हजला निघे. निघण्याआधी तो दारोदार जाई आणि म्हणे, "बोललं-चाललं माफ करा." प्रवास लांबचा, परत येऊ न येऊ, म्हणून मन मोकळं करून निघायचं अशी तिथली रीत होती. दारातली माणसं म्हणत, "माफ आहे, तुम्हीही आम्हाला करा," आणि पदराने डोळे पुसत.

मागे राहिलेल्यांसाठी अरफ्याचा रोजा होता. बकरी ईदच्या आदल्या दिवशी हाजी अरफातच्या मैदानात जमतात. दुपारपासून सूर्य बुडेपर्यंत तिथे थांबून अल्लाहकडे क्षमा मागतात. राजा असो की हमाल, अंगावर तीच दोन पांढरी, न शिवलेली वस्त्रं. ज्यांना तिथे पोचता येत नाही, ते त्या दिवशी घरी राहून उपवास करतात. हा रोजा मनापासून ठेवला, तर सरलेल्या वर्षाचे आणि येणाऱ्या वर्षाचे गुन्हे माफ होतात, अशी श्रद्धा आहे. त्यामुळे गावात त्या दिवशी दुपारी एकही चूल पेटत नसे.

या गावात सफुराबी नावाची एक बाई राहत असे. रोजे, नमाज, दानधर्म यांत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे ती स्वतःच सांगत असल्यामुळे सगळ्यांना माहीत होतं. तिच्याकडे तांब्याची एक भलीमोठी देग होती. गावात लग्न असो की ईद, जेवण त्याच देगेत शिजे. आणि शिजवायची ती शेजारची राबियाबी. राबियाबी भाताला हात लावी तेव्हा शितं मोजून घ्यावीत इतकी मोकळी होत. ती कोणाकडून काही घेत नसे. पंगतीत पहिला घास घेऊन लोक तिच्याकडे बघत, तेवढ्यानेच तिचं पोट भरे.

एका लग्नानंतर देग परत आली, पण तिचं झाकण काही दिसेना. सफुराबीने घर शोधलं, अंगण शोधलं आणि मग शोधायचं सोडून बोलायला सुरुवात केली. विहिरीवर साऱ्या बायकांच्या देखत ती म्हणाली, "झाकणाला काय पाय फुटले? देग ज्यांच्या हातात होती, त्यांच्या घरात बघा म्हणजे सापडेल."

राबियाबी घागर भरत होती. तिने मान वर केली, सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि घागर अर्धीच उचलून ती निघून गेली.

राबियाबीला चोर असं कोणी म्हणालं नाही. फक्त पुढच्या लग्नाला तिला बोलावणं गेलं नाही, आणि त्याच्या पुढच्यालाही नाही. शेजारगावचा एक आचारी येऊ लागला. त्याचा भात एकदा करपला, एकदा त्याची पेज झाली. लोकांनी तो निमूटपणे खाल्ला. राबियाबी आपल्या घरी, आपल्या छोट्या हंडीत, आपल्यापुरता भात शिजवत राहिली.

असं वर्ष सरत आलं. बकरी ईदच्या महिन्याचा चांद दिसला, ईद दहा दिवसांवर आली, म्हणून सफुराबी माळा झाडायला चढली. कोपऱ्यात तांदळाचा रांजण होता. रांजणावर जुनी गोणी होती. गोणी उचलली, तर खाली देगेचं झाकण. देग परत आली त्याच रात्री, उंदीर येऊ नयेत म्हणून, तिनेच ते घाईघाईत रांजणावर ठेवलं होतं, आणि लग्नाच्या धांदलीत विसरून गेली होती.

सफुराबीने हात फिरवून पाहिलं, झाकण तेच होतं. मग तिने इकडे तिकडे पाहिलं आणि गोणी पुन्हा झाकणावर टाकली.

आता तिच्या मनात काय आलं ते ऐका. तिला वाटलं, अरफा तोंडावर आलाय. यंदाचा रोजा असा ठेवीन की त्यात हाही गुन्हा धुऊन जाईल. अल्लाह माफ करणार असेल, तर राबियाला कशाला सांगायचं? आणि येणाऱ्या वर्षाचंही माफ होणार आहेच. झाकण बापडं तिथेच राहील.

हिशेब झकास होता, पण त्याने झोप मात्र येईना. शेवटी ती गावच्या म्हाताऱ्या खतीबबाबांकडे गेली. जुम्म्याचा खुतबा, म्हणजे शुक्रवारचं प्रवचन, तेच वाचत, आणि लोकांची भांडणंही तेच मिटवत.

"बाबा," ती म्हणाली, "एका बाईकडून दुसऱ्या एका बाईबद्दल चुकून काही वाईट बोललं गेलं. तिने अरफ्याचा रोजा ठेवला तर ते माफ होईल ना?"

बाबा जाळं विणत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. 'एक बाई' कोण हे त्यांना कळलं असावं, पण ते तसं दाखवणाऱ्यांतले नव्हते.

"जे अल्लाहचं आहे ते तो सोडून देतो," ते म्हणाले. "नमाज चुकली, मन भरकटलं, रोजा हुकला, तो रहीम आहे, दयाळू आहे. पण त्या दुसऱ्या बाईचं जे गेलं, ते तिचं आहे. तिचं तिला न विचारता तो परस्पर कसं सोडेल? तिच्याकडे जायला हवं."

"आणि तिने माफ नाही केलं तर?"

"तो तिचा अधिकार. मागणं मात्र आपल्याकडे आहे."

अरफ्याचा दिवस उजाडला. सफुराबीने पहाटे दोन घास खाल्ले, रोज्याची नियत केली, नमाज पढली, आणि डोक्यावर ओढणी घेऊन घराबाहेर पडली. ती दारोदार गेली. "बोललं-चाललं माफ करा," म्हणत गेली.

लोक चकित झाले. "काय गो, हजला निघालीस की काय? गलबत तर कधीच गेलं," सुतारीण म्हणाली.

"आज दिवस मोठा आहे, म्हणून," सफुराबी म्हणाली.

सगळ्यांनी हसून माफ केलं. ज्यांच्याशी ती वर्षभरात एक शब्दही बोलली नव्हती त्यांनीही केलं. गावच्या टोकाला राहणाऱ्या बहिऱ्या म्हाताऱ्याने काय मागितलं हे न कळताच माफ केलं. दुपारपर्यंत सगळं गाव फिरून, घामाघूम होऊन ती घरी आली.

तिचा नवरा इलियास ओटीवर माळ जपत बसला होता. "झालं सगळं गाव?" त्याने विचारलं.

"झालं."

"सगळं?"

सफुराबीने शेजारच्या अंगणाकडे पाहिलं. सगळं झालं होतं, फक्त शेजारचं दार राहिलं होतं. जिथे जायला हवं होतं तेवढं एक दार सोडून ती साऱ्या गावाला वळसा घालून आली होती. आपणही असंच करतो, म्हणून मला तिचा फार राग येत नाही.

ती उठली आणि कुंपण ओलांडून गेली. राबियाबी पडवीत तांदूळ निवडत होती.

"राबिया, बोललं-चाललं माफ कर," सफुराबी एका दमात म्हणाली आणि वळायलाही लागली.

"काय बोलला होतात, आपा?" राबियाबीने विचारलं.

"काय म्हणजे? असंच. वर्षभरातलं."

राबियाबीने सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "असंच जे काही असेल ते माफ आहे," ती म्हणाली. "बाकीचं राहिलं."

सफुराबी घरी आली. तहानेने घसा कोरडा पडला होता, पण तिला ते जाणवतही नव्हतं. दुपार कलली. आता तिकडे अरफातच्या मैदानात माणसं हात पसरून, आपलं सगळं कबूल करत असतील, असं तिच्या मनात आलं. तिथे कोणी 'असंच' म्हणत असेल का? तिला स्वतःची लाज वाटली. खरीखुरी लाज, कोणी बघतंय म्हणून वाटते ती नव्हे.

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची, नमाज झाली. रोजा सोडायच्या आधी पाणी भरायला बायका विहिरीवर जमल्या. इतक्यात सफुराबी आली. तिच्या डोक्यावर देगेचं झाकण होतं. ते इतकं मोठं होतं की तिचा चेहरा सावलीत गेला होता. बायकांच्या घागरी हातातच राहिल्या. राबियाबीही तिथे होती.

सफुराबीने झाकण विहिरीच्या कट्ट्यावर ठेवलं.

"हे माझ्याच माळ्यावर होतं," ती म्हणाली. "मीच रांजणावर ठेवलं होतं आणि विसरले. राबियाने ते कधी घेतलंच नव्हतं. मी तिला इथेच, याच जागी चोर ठरवलं. चांद दिसला त्याच दिवशी मला हे सापडलं, आणि मी पुन्हा लपवलं. ते पहिल्याहून वाईट केलं." मग ती राबियाबीकडे वळली. "राबिया, ते बोललं माफ कर. आणि ते लपवलं, तेही."

ज्या बायकांनी वर्षभर शेजारगावचा आचारी बोलावला होता, त्या आपापल्या घागरीत बघू लागल्या.

राबियाबीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिने ते पुसलं नाही. "आपा, माझा रोजा आहे, खोटं कसं बोलू?" ती म्हणाली. "मला अजून राग आहे. वर्षभर मी या विहिरीवर मान खाली घालून आले. आज लगेच माफ म्हणाले, तर ते तोंडातल्या तोंडात राहील."

"बरं," सफुराबी म्हणाली. "तू म्हणशील तेव्हा."

सूर्य बुडाला आणि मशिदीतून मगरिबची अजान आली. रोजा सोडायची वेळ झाली. सफुराबी नुसतीच उभी होती. झाकण आणायच्या नादात ती ना खजूर घेऊन आली होती, ना भांडं. राबियाबीने आपल्या पदराची गाठ सोडली. आत एकच खजूर होता. तिने तो मधोमध तोडला आणि अर्धा सफुराबीच्या हातावर ठेवला.

"आधी रोजा सोडा," ती म्हणाली. "रागाचं मग बघू."

दोघींनी कट्ट्यावर बसून अर्धा अर्धा खजूर खाल्ला आणि एकाच घागरीतलं पाणी घेतलं.

दुसऱ्या दिवशी ईदची नमाज झाली, कुर्बानी झाली, गोरगरिबांचे वाटे गेले. मशिदीच्या अंगणात देग चढली. सुतारीण स्वतः राबियाबीला बोलवायला गेली, आणि तिच्यामागून निम्म्या गावातल्या बायका गेल्या. शेजारगावच्या आचाऱ्यालाही बोलावणं गेलं, पण जेवायला. राबियाबीने ओढणी खोचली आणि कामाला लागली. सफुराबी न सांगता लाकडं पुढे सारत बसली. धुराने तिचे डोळे लाल झाले, पण ती जागची हलली नाही.

पंगत बसली. लोकांनी पहिला घास घेतला आणि राबियाबीकडे पाहिलं. पुष्कळ दिवसांनी तिचा चेहरा फुलला. तिने शेवटचं ताट वाढलं, ते घेऊन सफुराबीजवळ आली आणि तिच्या शेजारी टेकली.

"आपा," ती म्हणाली, "काल तुम्ही मागितलंत ना, ते दिलं. आता मनापासून दिलं."

सफुराबीने राबियाबीचा हात धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही. त्या वर्षीचा आपला रोजा पूर्ण झाला, असं तिला त्या घटकेला वाटलं.

म्हणून सांगतो, अल्लाहकडे क्षमा मागायला निघालात, तर आधी ज्याला दुखावलंत त्याच्या दारात जा, आणि काय केलंत ते स्पष्ट सांगा.