वानराची आखडलेली मान

सागाच्या एका मोठ्या जंगलात वानरांची टोळी राहत असे. त्या टोळीतला एक वानर टेहळणी करी. झाडाच्या शेंड्यावर बसायचे, चहूकडे मान फिरवायची आणि बिबट्या दिसताच "खक् खक्" ओरडायचे, एवढेच त्याचे काम. पण मुलांनो, सगळी टोळी त्या एका ओरडण्याच्या भरवशावर पाण्यावर उतरत असे.

जंगलाच्या कडेला वनरक्षकांची चौकी होती. चौकीत एक पडदा दिवसभर उजळलेला असे आणि त्यावर साऱ्या जंगलाची चित्रे हलत. आपली पाळी संपली की वानर तिथल्या खिडकीत जाऊन बसू लागला. आधी घटकाभर, मग दुपारभर, मग पाळी नसेल त्या दिवशी उजाडल्यापासून मावळेपर्यंत. त्याची मान कासवासारखी पुढे आली, खांदे आत वळले, पाठीला पोक आले, बोटांना मुंग्या येऊ लागल्या. त्याची वानरी म्हणे, "अहो, जरा मान वर करा. किती दिवसांत माझ्याकडे धड पाहिलं नाहीत!" तो पडद्याकडे बघतच म्हणे, "हे एवढं बघून होऊ दे."

शेवटी डोके ठणकू लागले, तेव्हा तो म्हाताऱ्या अस्वलिणीकडे गेला. अंग चोळण्यात तिचा हात धरणारे जंगलात कोणी नव्हते. तिने मानेच्या शिरा दाबल्या, खांद्यातल्या गाठी तळव्याने रगडून सैल केल्या. वानराला झोपच लागली. तो उठल्यावर ती म्हणाली, "आता रोज सागाच्या खोडाला पाठ लावून उभा राहा. डोकं खोडाला टेकव, हनुवटी मागे ओढ, खांदे मागे घे. मग दोन्ही हातांनी फांदीला लोंबकळ. आणि त्या खिडकीतून दर थोड्या वेळाने ऊठ." "हो मावशी," म्हणत वानर निघाला, तो थेट खिडकीत जाऊन बसला. आठ दिवसांनी परत आला, पुन्हा आठ दिवसांनी आला. चौथ्या खेपेला अस्वलीण म्हणाली, "गाठी मी सोडवते नि तू बांधतोस. माझ्या हाताने तुझा व्यायाम कसा होईल, बाबा?"

उन्हाळ्यात झरे आटले. टोळी एकाच पाणवठ्यावर येऊ लागली. एके दिवशी टेहळणीची पाळी याची होती. बोटे बधिर, फांदी हातात ठरेना, म्हणून तो शेंड्यावर न जाता खालच्याच बेचक्यात बसला. मागे पाचोळा वाजला. त्याने मान वळवली, पण मान वळलीच नाही. मग खांदा वळवला, कंबर वळवली, सगळे अंग फिरवून पाहिले, तोवर बिबट्या झेपावला होता. "खक् खक्" तो ओरडला खरा; पण तेव्हा त्याची वानरी बिबट्याच्या जबड्यात होती.

टोळीने त्याला दोष दिला नाही. एका म्हाताऱ्या वानराने फक्त विचारले, "टेहळणीला तूच होतास ना?"

त्यानंतर वानर चौकीकडे फिरकला नाही. तो रोज खोडाला पाठ लावून उभा राही, फांदीला लोंबकळे. पावसाळा सरला, थंडी आली आणि त्याची मान सरळ झाली. पलीकडच्या डोंगरापर्यंत त्याला दिसू लागले. पण टेहळणीला आता दुसराच वानर बसे. याला कोणी बोलावीत नसे. अस्वलिणीने त्याचे खांदे चाचपून पाहिले. "एकही गाठ उरली नाही रे," ती म्हणाली.

"मावशी, हेच तेव्हा केलं असतं तर?" वानराने विचारले.

अस्वलिणीला खोटे बोलता येत नव्हते. ती म्हणाली, "तर ती वाचली असती."

तात्पर्य : दुसऱ्याचा हात दुखणे हलके करील, पण शरीर ताठ ठेवण्याचे कष्ट ज्याचे त्यानेच करायचे असतात, आणि तेही वेळ हातात आहे तोवर.