पडद्याकडे पाठ

“मग मी एवढ्या लांबून आलोय कशाला, बाई?”

शमीमबाई खिडकीला गोणपाट ठोकत होत्या. दुपारचं ऊन अडवायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. त्यांनी तोंडात धरलेला खिळा काढला.

“ते स्टूल दिसतंय का? पडद्याच्या बाजूचं. तिथं बसायचं. तोंड माणसांकडं, पाठ पडद्याकडं. दाखवणारा इथं तसाच बसतो. अकरा वर्षं मी बसले, आज तू बस.”

“आणि फिल्म?”

“फिल्म ते बघतील की.”

विश्वजित हेरवाडे स्टुलाकडे पाहत राहिला.

हा विश्वजित पुण्यात नोकरी करायचा आणि उरलेला सगळा वेळ जगभरातल्या छोट्या ॲनिमेशन फिल्म शोधण्यात घालवायचा. कुणीतरी एकट्यानं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चार-चार वर्षं खपून काढलेल्या पाच-सात मिनिटांच्या फिल्म. कुठल्या थिएटरात लागत नाहीत, कुणी जाहिरात करत नाही. सापडली की तो तिला क्रमांक देऊन यादीत लिही. दर सोमवारी त्यातली एक दोन हजार लोकांना ईमेलनं पाठवी, सोबत स्वतःचं लांबलचक टिपण. यादी दोन हजार नऊशे नव्व्याण्णववर आली होती. पुढची जागा त्यानं मुद्दाम रिकामी ठेवली होती.

ती जागा लात्वियातल्या इल्झे नावाच्या चित्रकर्तीच्या फिल्मसाठी होती. बेकरीच्या कागदावर कोळशानं काढलेली सात मिनिटं. इल्झेनं ती इंटरनेटवर टाकलीच नव्हती. एका पेनड्राइव्हवर घालून एका डबीतून तिनं ती इकडे धाडली होती आणि ती डबी गावोगाव हातोहात फिरत होती. एका गावात एकदाच दाखवायची, मग माणसानं पुढच्या गावाला नेऊन द्यायची, एवढीच तिची अट. विश्वजितनं इल्झेला सहा पत्रं लिहिली. तिसऱ्या वर्षी एका ओळीचं उत्तर आलं, फिल्म प्रवासात आहे, गाठा.

गाठत गाठत तो धारवाडला पोचला, तर डबी मिरजेला गेलेली. मिरजेत कुणाकडे, तर सातवीत त्याला चित्रकला शिकवणाऱ्या शमीमबाईंकडे.

कळलं तेव्हा त्याला आनंद झाला आणि रागही आला. इतकी दुर्मीळ चीज, आणि बाई ती सतारी बनवण्याच्या कारखान्यात दाखवणार, भोपळे एका बाजूला सारून, भिंतीवर चादर लावून.

“बाई, आधी मला एकट्याला दाखवा. सात मिनिटांचा तर प्रश्न आहे.”

“एकदाच दाखवायची असं ठरलंय ना?”

“कुणाला कळणार आहे?”

बाईंनी नुसतं पाहिलं. सातवीत तो शेजाऱ्याचं चित्र गिरवताना सापडला होता, तेव्हाही त्या काही बोलल्या नव्हत्या. चाळिशीतल्या माणसाचे कान लाल झाले.

“दोन हजार जणांना पाठवतोस म्हणे,” बाईंनीच विषय बदलला.

“पाठवतो. उत्तर येतं चौघांचं. त्यातला एक माझा मेहुणा.”

“आणि बाकीचे?”

“उघडूनसुद्धा बघत नाहीत. चवच नाही लोकांना…” तो गोणपाटाचं सुटलेलं टोक धरून उभा राहिला. “बाई, इतकं सुंदर काहीतरी हाताला लागतं. एकट्यानं बघून भागत नाही. कुणालातरी द्यावंसं वाटतं. आणि कुणी घेतच नाही. म्हणून आता बंदच करणार आहे. ही एक बघतो आणि थांबतो.”

हे सांगताना तो चिडल्यासारखा दिसत होता, पण खरं म्हणजे त्याला फार वाईट वाटत होतं. बाईंना ते दिसलं. मुलांची तोंडं वाचण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं.

“आज काय सांगणार होतास माणसांना?”

त्यानं लगबगीनं पिशवीतून पाच पानं काढली. कोळशाच्या चित्रांची परंपरा, सेकंदाला चित्रं किती, इल्झेचं बालपण, बाल्टिक समुद्रावरचा हिवाळा. “सुरुवातीला वीस मिनिटं बोलावं म्हणतो.”

“फिल्म न बघता लिहिलंस हे?”

“माहिती गोळा केली होती.”

“हुशार आहेस,” बाई मनापासून म्हणाल्या. मग त्यांनी पाचही पानांची नीट घडी घातली, प्रोजेक्टरचा एक पाय डुगडुगत होता त्याच्याखाली सारली आणि वरून दाबून पाहिलं.

“आता बसला बघ.”

विश्वजितनं पिशवीची चेन ओढून घेतली.

जुम्म्याची नमाज झाली तशी गल्लीतली माणसं येऊ लागली. सतारीला तारा चढवणारे युसुफचाचा आले, त्यांच्यामागून कारखान्यातले पाच-सहा कारागीर. फुलं विकणाऱ्या गोदाक्का पाटी बाहेर ठेवून आत आल्या. पोस्टातून निवृत्त झालेले दानोळेअण्णा पुढच्या रांगेत, जाड भिंगांचा चष्मा पुसत बसले. विश्वजितनं मोजलं, सगळे मिळून एकोणीस. लात्वियाहून निघालेल्या फिल्मला एकोणीस माणसं.

तो स्टुलावर बसला.

“मागं वळून पाहिलं तर, बाई?”

“तर दिसेल.”

बाईंनी दिवा घालवला.

पाठीमागं चादर उजळली. तिचा उजेड समोरच्या तोंडांवर पडला. कुठंतरी पाऊल वाजलं, बर्फातलं असावं. दार करकरलं. भांड्यात चमचा फिरू लागला. फिल्ममध्ये बोलणं नव्हतंच. विश्वजितची मान अवघडली. तीन वर्षं जिचा पाठलाग केला ती फिल्म त्याच्या खांद्यापासून दोन हातांवर चालली होती.

मग त्याला युक्ती सुचली. दानोळेअण्णांच्या चष्म्यात पडदा दिसत होता. दोन्ही भिंगांत एक-एक, नखाएवढा. तो पुढे वाकला, डोळे बारीक केले. काहीतरी काळं हललं. म्हातारी? की झाड? आणखी वाकला…

आणि भिंगामागचे डोळे त्याला दिसले.

अण्णांचे डोळे भरून आले होते. त्यांना स्वतःला ते ठाऊक नसावं. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर जिथं पडले होते तिथंच.

विश्वजित हळूच मागं सरला. मग त्यानं अण्णांच्या शेजारी पाहिलं. युसुफचाचांची बोटं गुडघ्यावर एका लयीत हलत होती, चमच्याच्या आवाजाबरोबर. गोदाक्का पडद्याला दटावत होत्या, “अगं जेव की आता. किती वाट बघशील?” त्यांना कुणी गप्प केलं नाही.

चमचा थांबला. पुन्हा दार करकरलं.

आणि सगळ्या रांगा एकदम सरकल्या. एकमेकांना न सांगता, पडद्यावरची नजर न काढता, एकोणीस माणसं वीतभर डावीकडे सरली. कुणीतरी येतंय आणि त्याला बसायला जागा हवी, असं. पुढच्या रांगेच्या कडेला थोडीशी सतरंजी मोकळी राहिली.

कोण आलं होतं? विश्वजितला कळेना. मान वळवायचा अवकाश होता. पण त्या क्षणी ही तोंडं सोडून दुसरीकडे बघणं त्याला जमलंच नाही. दोन हजार नऊशे नव्व्याण्णव फिल्म त्यानं पाहिल्या होत्या, पण बघणारं माणूस तो आज पहिल्यांदाच बघत होता.

पाठीमागचा उजेड मावळला.

मग बाईंनी गोणपाटाचं एक टोक उचललं, ऊन आत आलं.

“परत लावणार?” गोदाक्कांनी विचारलं.

“नाही अक्का. एकदाच.”

“असू दे. दिसायचं ते दिसलं.”

विश्वजित स्टुलावरून उठला आणि सरळ जाऊन सतरंजीवर, मोकळ्या राहिलेल्या जागेत बसला. “शेवटी कोण आलं हो, अक्का?”

“कोण म्हणजे? तिचा ल्योक.”

“ल्योक कुठला,” युसुफचाचा म्हणाले, “नवरा होता. चालण्यावरनं कळतंय की.”

“कुणी आलंच न्हाई,” मागून एक कारागीर म्हणाला. “वाऱ्यानं दार उघडलं. तरी तिनं दुसरं ताट वाढलं.”

“मग तुम्ही सरकलात का?”

“कोण सरकलं?” कारागिरानं विचारलं.

वाद सुरू झाला. आवाज चढले, हसणं झालं. दानोळेअण्णा तेवढे गप्प होते. विश्वजित त्यांच्याकडे वळला. ही फिल्म कोणत्या कागदावर काढली हे सांगायचं त्याच्या मनातही आलं नाही.

“अण्णा, तुम्हाला काय दिसलं?”

अण्णांनी चष्मा उतरवला. “आमची आई तसंच ताट झाकून ठेवायची. मी रात्रपाळीला असायचो…” मग अण्णा आईविषयी बोलत राहिले आणि तो ऐकत राहिला. चहा आला, निवला, दुसरा आला.

माणसं पांगली तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. बाईंनी चादर उतरवून घडी घातली. पेनड्राइव्ह कापडात गुंडाळून डबीत ठेवला आणि डबी विश्वजितपुढं धरली.

“उदगीरला माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, रेहाना. शिवणाचा क्लास चालवते. पुढची पाळी तिच्याकडची. तू नेऊन दे, आणि तिथं तूच दाखव. तिनं कधी दाखवलेलं नाही.”

विश्वजितनं दोन्ही हात पुढे करून डबी घेतली. ती अगदीच हलकी होती. त्याच्या पिशवीत लॅपटॉप होता. ते त्याला माहीत होतं, बाईंनाही माहीत होतं.

“बाई…”

“काय रे बाळा?”

“ही फिल्म मी अजून पाहिलेली नाही.”

शमीमबाईंनी त्याच्या गालावरून हात फिरवला.

“म्हणून तर तुझ्याजवळ देते.”