दहा व्होल्टची पेटी

“मग खोटं कोण बोलतंय, अप्पा? मी, का तुमची ही पेटी?”

उन्मेषनं हातातला कागद टेबलावर आपटला.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतली ती मीटर तपासायची खोली. हैबतअप्पा तिथं तीस वर्षं होते. त्यांची पेटी दहा व्होल्ट म्हटलं की दहाच द्यायची. तिच्याशी ताडूनच कारखान्यांचे मीटर खरे की खोटे ते ठरायचं. आणि दोन वर्षं अप्पांच्या हाताखाली शिकलेल्या उन्मेषनं कागदावर लिहिलं होतं, पेटी थकली आहे, भंगारात काढावी. साहेबांची सही तेवढी राहिली होती.

“तीन दिवस मोजतोय. शेवटचे आकडे जागेवर राहतच नाहीत!”

“माझ्यासमोर मोज.”

“बघा मग!”

त्यानं पेटीच्या तांब्याच्या टोकांना मीटरच्या तारा लावल्या. अप्पा मागं सरकून भिंतीला टेकले.

“लांब हो, लेका.”

उन्मेषचं डोकंच सणकलं. दोन वर्षं हेच ऐकत आला होता. लांब हो, लांब उभा राहा. शिष्य म्हणायचं आणि चोरासारखं दारात उभं करायचं!

“नाही होणार लांब! पेटीचं पितळ उघडं पडेल म्हणून भिताय तुम्ही.”

त्यानं दोन्ही अंगठ्यांनी तारा टोकांवर गच्च दाबून धरल्या. “रोज अशाच धरतो. उद्या म्हणाल, तार ढिली होती... बघा, पळाले आकडे! दिसतंय का?”

आकडे खरंच पळत होते.

अप्पा पुढं आले. उन्मेषचे हात त्यांनी अलगद उचलले आणि आपल्या हातांत धरले. तापलेले होते, घामानं ओले.

“सोडा!”

“थांब जरा.”

...

आकडे उतरू लागले. सावकाश, एकेक करत. मग थांबले. तीस वर्षं जिथं थांबत आले होते, तिथंच.

उन्मेष बघत राहिला. तांब्याला ऊब लागत होती. त्याच्याच हातांची. तीन दिवस आकडे पळवत होती ती ऊबच.

“अप्पा...”

राग अजून होता, पण आता दुसऱ्या कुणावर नव्हता. हात सोडवून घेत त्यानं कागद उचलला, फाडायला दोन्हीकडून धरला.

अप्पांनी त्याच्या मनगटावर बोटं ठेवली.

“आत्ता नको फाडू... हात अजून गरम आहे.”