चॅपलच्या दारातला बातमीदार

“पण गाणं कोणतं म्हटलं, सर? एवढंच सांगा.”

इद्वलसरांनी पुढचा बटाटा उचलला. ते बटाटे सोलत होते आणि त्यांचं सगळं लक्ष बटाट्यांत होतं.

एम्लिन प्रोथेरोने खुर्ची पुढे ओढली. वेल्समधल्या कोळशाच्या खोऱ्यात सगळी हयात वर्तमानपत्रात घालवलेला हा माणूस आता निवृत्त होऊन आठवणी लिहायला बसला होता. पहिली नोकरी, खाणीतला संप, छापखान्यातली भांडणं... सगळं कसं झरझर कागदावर उतरलं. वडिलांच्या अंत्यविधीपाशी मात्र गाडं अडलं.

त्या काळी तिकडे एक रीत होती. गावात कुणी गेलं की पेपरचा नवखा बातमीदार चॅपलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या चर्चच्या, दारात पेन्सिल घेऊन उभा राहायचा. आत शिरणाऱ्या प्रत्येकाला हळू आवाजात विचारायचा, आपलं नाव? मयताचे कोण? ती सगळी नावं शुक्रवारच्या अंकात छापून यायची. एखाद्याचं नाव राहिलं, की शनिवारी सकाळी स्वारी कचेरीत भांडायला हजर! त्यात निम्मं गाव जोन्स. मग दूधवाला जोन्स, पोस्टातला जोन्स, लंगडा जोन्स अशी फोड करावी लागे, नाहीतर एकाच्या हजेरीवर दुसरा मिरवायचा.

एम्लिनला हे काम इद्वलसरांनीच शिकवलं. तेव्हा ते मुख्य बातमीदार होते आणि पोरांचे कर्दनकाळ. बातमीदाराने बातमीत दिसायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. आता ते नव्वदीच्या पुढे गेले होते आणि वडिलांच्या अंत्यविधीला चॅपलच्या आत बसलेल्यांपैकी एवढे एकच उरले होते. म्हणून तर एम्लिन बस बदलत बदलत इतक्या लांब आला होता.

“तुम्ही आत होतात,” तो म्हणाला. “मी दारात नावं टिपत होतो, गाण्याकडे लक्षच नव्हतं. आईलाही तेव्हा सांगता आलं नाही.”

“तिने विचारलं होतं?”

“घरी पाऊल टाकल्याबरोबर.”

तिकडे अशा वेळी बायका घरीच थांबत. काळे कपडे घालून ती उंबऱ्यात उभी होती. काय गायले रे तुझ्या बाबांसाठी, असं तिने विचारलं होतं.

“मी तिला नावं वाचून दाखवली, सर. सगळी.”

“मग?”

“म्हणाली, बरीच माणसं आली म्हणायची. आणि आत निघून गेली.”

सरांनी बटाट्याचा डोळा कोरून काढला.

पुढे तिला कुणाकुणाकडून कळलं असेलच. पण त्याच्याकडून नाही कळलं, हे एम्लिनच्या मनात सलत होतं. आता निदान पुस्तकात तरी ते गाणं यावं, एवढीच त्याची इच्छा होती. आणि म्हाताऱ्याला बटाटे सुचत होते!

“मला नावं आजही पाठ आहेत,” तो जरा ताठ होऊन म्हणाला. “दूधवाला जोन्स. त्याचा मेहुणा. खाणीतला रीस. ऑर्गन वाजवणारा बेवन. तुम्हीच दुसऱ्या दिवशी पाठ थोपटलीत माझी. शाबास, एकही नाव सुटलं नाही, असं सगळ्यांदेखत म्हणालात.”

“म्हणालो खरा.”

“मग?”

“एक सुटलं होतं.”

एम्लिन बघतच राहिला. आयुष्यभर ज्या शाबासकीच्या जोरावर तो चारचौघांत मान वर करून वावरला, तीच खोटी?

“कोणाचं?”

सर सालं गोळा करत राहिले.

“रीसच्या भावाचं?”

“तो होता.”

“पाद्रीबुवांचं?”

“ते तर दोनदा छापलंस.”

एम्लिन मनातल्या मनात पुन्हा चॅपलच्या दारात जाऊन उभा राहिला. टोप्या, ओले कोट, खोकणारी माणसं. एकेक चेहरा त्याने पारखून पाहिला. सगळे होते. गाण्याचं विचारायला आलो आणि हे भलतंच काय मागे लागलं, त्याला कळेना. डोकं अगदी भणाणून गेलं.

“नाही सर, शक्य नाही. नाव सुटलं असतं तर तो माणूस भांडायला आला असता.”

“त्याला वेळ लागला.”

“किती वेळ?”

सरांनी सुरी खाली ठेवली. हात पुसले.

“बाहेर जा.”

“काय?”

“बाहेर जा. दार ओढून घे.”

म्हातारा चळला, असं एम्लिनला वाटलं. तरी तो उठला. सरांनी जा म्हटलं की जायचं, ही सवय अजून अंगात होती. बाहेर बोचरा वारा होता आणि टोपी आत राहिली होती. आपल्याला हाकलून दिलं की काय, हेच त्याला समजेना. थोडा वेळ पायरीवर घुटमळून त्याने दार वाजवलं.

दार उघडलं. दारात सर उभे होते, पाठ ताठ आणि मान किंचित झुकलेली. एका हातात पेन्सिलीचं थोटूक, दुसऱ्या हातात वाण्याच्या बिलाचा पाठकोरा कागद.

“आपलं नाव?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“सर, थट्टा पुरे झाली.”

“मागे लोक खोळंबलेत. आपलं नाव?”

एम्लिनने खरोखरच मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

“एम्लिन प्रोथेरो.”

सरांनी एकेक अक्षर सावकाश लिहिलं.

“मयताचे कोण?”

सोपा प्रश्न होता. सबंध खोऱ्याला त्याने तो विचारला होता. त्याला मात्र आजवर कुणी विचारला नव्हता. त्याने चौकट धरली. वडिलांची टोपी आठवली, त्यांचे कोळशाने काळे झालेले कान आठवले. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

“मुलगा,” तो म्हणाला. “मी... मी त्यांचा मुलगा.”

सरांनी तेही लिहून घेतलं. मग ते दारातून बाजूला सरले.

“मग बाहेर काय उभा आहेस? आत जा. गाणं अजून सुरू व्हायचंय.”